गळ्यासाठी गाजलेले अब्दुल करीम खाँ तानपुऱ्याची दुरुस्तीही स्वतः करायचे

मोडकी, गंजकी बास गिटार कुणीतरी भंगारातून उचलतो, घासूनपुसून, तारा चढवून वाजवून दाखवतो. असे व्हिडिओ आपण रात्री दोन वाजेपर्यंत बघत बसतो. पण हेच काम आपल्याकडे मिरजेत पावणेदोनशे वर्षांपासून चालू आहे, आणि ते ज्यांना स्वतःच्या हाताने जमायचं त्यांत देशातला एक सगळ्यात मोठा गवई होता. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

सुरुवात गवयापासून नाही, तलवारीपासून होते. मिरज हे पटवर्धनांचं संस्थान. तिथले शिकलगार हत्यारं घडवायचे, त्यांना धार लावायचे. इंग्रजांचं राज्य बसलं आणि तलवारीला गिऱ्हाईक राहिलं नाही. दरबारात मात्र गवई येत होते आणि त्यांची वाद्यं दुरुस्त करायला जवळपास माणूस नव्हता. १८५० च्या आसपास फरीदसाहेब शिकलगार या कामात पडले. आधी दुरुस्ती, मग नवीन वाद्यं. आज मिरजेच्या सितारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन आहे (२०२४ मध्ये मिळालं), त्याचं मूळ हे.

आता खाँसाहेब. जन्म १८७२, उत्तर प्रदेशातलं कैराना. घरात गाणं आणि सारंगी दोन्ही. तरुणपणी बडोद्याला सयाजीराव गायकवाडांच्या दरबारात नोकरी लागली. तिथे सरदार घराण्यातल्या ताराबाई माने यांच्याशी सूर जुळले. हे लग्न बडोद्यात पचणारं नव्हतं, म्हणून दोघांनी बडोदा सोडलं. फिरत फिरत ते मिरजेला आले. तिथे प्लेगने गाठलं आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात सेवा केल्यावर ते बरे झाले, अशी आख्यायिका मिरजेत आजही सांगतात. आख्यायिका बाजूला ठेवली तरी मिरज त्यांना पुढे सुटली नाही हे खरं.

ते बीन वाजवायचे, सारंगी वाजवायचे, आणि बिघडलेलं वाद्य कारागिराकडे न पाठवता स्वतः उघडून बसायचे. त्या काळात मोठ्या गवयाने कानस हातात घेणं ही साधी गोष्ट नव्हती.

तानपुऱ्यात बिघडतं काय? भोपळा मंगळवेढा-पंढरपूरच्या पट्ट्यातला, आतून पोकळ. प्रवासात आपटला की भेग जाते. ती सरसाने सांधता येते, खुंटी सैल झाली तर नवी बसवता येते. खरी गोम जवारीत आहे. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. तार त्या उताराला घासत थरथरते म्हणून तो गुंजणारा आवाज येतो. रोजच्या वाजवण्याने तिथे चरे पडतात आणि आवाज मुका होतो. मग कानशीने माथा पुन्हा घडवायचा, तारेखाली सुती दोरा सरकवून बघायचं. कानस जास्त लागली की मामला खलास, परत पहिल्यापासून. मोजपट्टीचा इथे उपयोग नाही, फक्त कान.

तो कान खाँसाहेबांकडे होता. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. किराणा घराण्याचं गाणं सुराच्या याच बारकाव्यावर उभं आहे, त्यामुळे ही दुरुस्ती त्यांच्यासाठी फावल्या वेळचा छंद नव्हता असं मला वाटतं. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींवर काम केलं, तेव्हा त्यांनाही खाँसाहेबांच्याच गळ्याची मदत झाली.

१९१३ मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. ज्यांना फी परवडत नव्हती ती पोरं तिथेच राहायची, जेवायची आणि शिकायची. खर्च निघायचा तो खाँसाहेबांच्या मैफिलींतून. इतक्या पोरांच्या हातात रोज वाद्यं म्हटल्यावर दुरुस्तीला तोटा नसणार, हे वेगळं सांगायला नको.

मग १९२२ आलं. ताराबाई पाचही मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या. मुलांनी वडिलांचं नाव लावलं नाही. यातलीच तीन नावं पुढे महाराष्ट्राने डोक्यावर घेतली: सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, सरस्वती राणे. गाणं किराण्याचंच राहिलं, घर मात्र पुन्हा सांधलं गेलं नाही. खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी.

ऑक्टोबर १९३७. मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाळ कोविल या छोट्या स्टेशनवर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातलं, तानपुरा जुळवायला लावला, दरबारीच्या सुरात ईश्वराचं नाव घेतलं आणि तिथेच देह ठेवला. तारीख २७ ऑक्टोबर.

पार्थिव मिरजेला आणलं. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. उरुसात तिथे त्यांच्या नावाने संगीत सभा होते, आणि गायला येणाऱ्या कुणाच्या तानपुऱ्याची जवारी उतरली असेल, तर सतारमेकरांची दुकानं तिथून जवळच आहेत.