एका नावामागे चौघे

परदेशात नोकरी लागलेल्या मुलाने बायको-मुलांना सोबत कसे न्यावे, ही चर्चा आता आपल्या गोंदियातही घरोघरी चालते. आपल्याच विदर्भातल्या एका थोर माणसापुढे हा प्रश्न उलट दिशेने उभा राहिला होता. परदेशात मांडलेला संसार घेऊन त्यांना मायदेशी यायचे होते. ते डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

वर्ध्याचा हा मुलगा नागपुरात शिकला, टिळकांच्या विचारांनी भारला आणि ऐन तारुण्यात अमेरिकेला गेला. तिथे त्याने सैनिकी शिक्षण घेतले, शेतीशास्त्रही शिकले. गदर चळवळीच्या संस्थापकांत त्याची गणना होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर तो इंग्रजांविरुद्ध लढला. साहजिकच सरकारदरबारी त्याच्या नावावर बंदी आली आणि घरची वाट बंद झाली.

१९२४ मध्ये खानखोजे मेक्सिकोत पोहोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मका, गहू, कडधान्ये यांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात स्थान दिले. १९३६ मध्ये जीन सिंदिक या बेल्जियन तरुणीशी त्यांचा विवाह झाला. दोन मुली झाल्या. नोकरीमुळे मिळालेल्या देशात घर उभे राहिले.

मग भारत स्वतंत्र झाला. खानखोजेंनी परतण्यासाठी व्हिसा मागितला आणि तो चक्क नाकारला गेला! इंग्रजांनी घातलेली बंदी स्वतंत्र देशाच्या कागदांतही तशीच राहिली होती. ज्याच्या भरवशावर पत्नी आणि दोन मुली अनोळखी देशात यायला निघणार, त्याच्याच नावापाशी गाडी अडली. पुढे तो निर्णय फिरवला गेला आणि हे कुटुंब नागपुरात स्थिरावले. २२ जानेवारी १९६७ रोजी खानखोजे गेले.

बँकेत उमेदवारी केलेल्या माझ्यासारख्याला यात एक ओळखीची गोष्ट दिसते. अर्जदार एक असतो, पण त्याच्या सहीवर सगळे घर टांगलेले असते. अमेरिकेचेच पाहा. नोकरीच्या आधारे कायम वास्तव्य मागणाऱ्याला पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुले सोबत जोडता येतात. मालकाची याचिका एकाच्या नावाची असते, पण कायम वास्तव्याचा अर्ज प्रत्येकाला वेगळा भरावा लागतो. १९९० च्या कायद्याने ठरवलेल्या वर्षाकाठी सुमारे १,४०,००० जागांत ही बायको-मुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे. त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षे लांबते. वय मोजताना थोडी सवलत मिळते खरी, तरीही रांगेतच मूल एकवीस ओलांडते आणि आईबापांच्या अर्जातून गळते.

म्हणून पासपोर्ट, जन्मदाखला, विवाह नोंदणी यांतली नावे आणि तारखा आधीच जुळवून ठेवाव्यात. आणि एक गोष्ट घरात वेळेवर बोलून घ्यावी : नोकरीच्या त्या अर्जात आईवडिलांना जागा नसते. मुलगा निघण्यापूर्वीच ते दोघांनाही ठाऊक असलेले बरे.