सह्याद्रीचा वाटसरू

विदर्भातील परतवाडा या गावी 8 जुलै 1916 रोजी गोपाळ नीळकंठ दांडेकर यांचा जन्म झाला. तुमच्याच वयाचा असताना, सातवीत शिकणारा हा मुलगा एके दिवशी शाळा आणि घर सोडून निघून गेला. देशात स्वातंत्र्याची चळवळ पेटली होती व तीत उडी घ्यावी, एवढेच त्याला ठाऊक होते. मागे आईवडिलांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना त्या वयात कोणास येणार?

घर सुटले आणि पायांस भिंगरी लागली. गाडगे महाराजांच्या सहवासात राहून त्यांचा संदेश सांगत ते गावोगाव हिंडले. पुढे वेदान्ताचे अध्ययन केले. नर्मदामाईची परिक्रमा पायी केली. 1947 साली त्यांनी केवळ लेखणीवर उदरनिर्वाह करावयाचे ठरविले. मराठी लेखकाने असा निश्चय करणे म्हणजे संसार पणास लावणेच होते. मावळातील तळेगाव दाभाडे येथे त्यांचे बिऱ्हाड होते. सह्याद्री तेथून हाकेच्या अंतरावर, आणि मग ते त्याचेच झाले.

लोणावळ्याहून राजमाची सुमारे 15 किलोमीटर दूर आहे. श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, त्यांच्या मधोमध भैरवनाथाचे देऊळ, पायथ्याशी उधेवाडी, आणि एका अंगास उल्हास नदीचे खोल खोरे. लोणावळ्याच्या परिसरात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्या दिवसांत कड्याकड्यावरून धारा सुटतात. कातळधार नावाचा प्रचंड धबधबा याच खोऱ्यातील रानात दडलेला आहे. तेथे जाणाऱ्यास मळलेली वाट फार वेळ सोबत करीत नाही. कारवीच्या जाळीत ढोरवाटा फुटतात, त्यांतील निम्म्या पाणवठ्यापाशी संपतात. धुके उतरले म्हणजे समोरचा कडाही दिसेनासा होतो. शेवाळलेल्या धोंड्यावर पाय निसटला तर थेट ओढ्यात. अशा रानात नकाशापेक्षा गुराख्याचा शब्द अधिक मोलाचा असतो.

दांडेकरांनी हा शब्द मनापासून ऐकला. ते गड पाहावयास जात, तसेच गडाखालच्या माणसांच्या ओसरीवर बसावयासही जात. त्यांच्या चुलीपाशी भाकरी खाल्ली, त्यांची बोली कानांत साठविली, आणि तीच पुढे कादंबऱ्यांत उतरली. 1958 साली प्रसिद्ध झालेल्या ‘माचीवरला बुधा’ या कादंबरीतील म्हातारा मुंबईच्या गिरणीतील काम संपवून राजमाचीवर परततो आणि झाडे, पाखरे व जनावरे यांच्या संगतीत राहतो. माणसे थोडी आणि रान फार, अशी ही विलक्षण कथा आहे.

त्यापूर्वी, 1955 साली, ‘पवनाकाठचा धोंडी’ ही कादंबरी आली होती. तुंग किल्ल्याची हवालदारी मोठ्या अभिमानाने मिरविणाऱ्या धोंडीची ती कहाणी. पुढे 1970च्या दशकात पवनेवर धरण झाले. तुंग आणि तिकोना यांच्या मधले खोरे पाण्याने भरले. शेते बुडाली, घरे उठली. दांडेकर वेळेवर तेथे हिंडले नसते, तर त्या काठचे बोलणेचालणे आज कोठे शोधावे लागले असते?

वय वाढले, तरी गडांची ओढ कमी झाली नाही. कॅमेरा खांद्यास अडकवून ते ढासळणाऱ्या तटाबुरुजांची छायाचित्रे घेत. तरुण मुलांना संगती घेऊन गड दाखवीत. ‘स्मरणगाथा’ या ग्रंथास 1976 साली साहित्य अकादमीचे पारितोषिक लाभले आणि 1981 साली अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. सातवीत शाळा सोडलेल्या मुलाचा हा सन्मान त्याच्या विदर्भातच झाला.

1 जून 1998 रोजी ते वारले. मृग नक्षत्र लागावयास अद्याप काही दिवस होते, आणि राजमाचीच्या कड्यांवर धारा अजून सुटावयाच्या होत्या.