पाश्चर आणि दुधाचा पेला

दुधाच्या पिशवीवरचा ‘पाश्चराइज्ड’ हा शब्द ज्यांच्या नावावरून आला, ते लुई पाश्चर २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील दोल या गावी जन्मले. वाइन आंबट होऊ नये म्हणून ती ठरावीक तापमानापर्यंत तापवण्याची पद्धत त्यांनी शोधली. तीच पुढे दुधासाठी वापरात आली.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी त्यांच्या डाव्या अंगाला मुंग्या आल्या. तरीही ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीत गेले आणि तेथे निबंध वाचून परतले. रात्री पक्षाघाताने डावी बाजू लुळी पडली. वय होते अवघे ४५. जीव वाचला, पण डावा हात-पाय कायमचे अधू झाले. रेबीजच्या लशीसारखे मोठे काम त्यांनी त्यानंतरच केले. १८८५ मध्ये नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टरला ती लस दिली गेली.

१८९५ च्या उन्हाळ्यात पॅरिसजवळच्या मुक्कामी त्यांचा लुळेपणा वाढत गेला, बोलणेही जड झाले. २७ सप्टेंबरला कोणीतरी दुधाचा पेला पुढे केला. आपल्याला ते जमणार नाही, असे त्यांनी कसेबसे सांगितले. दुसऱ्या दिवशी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

पाश्चर यांना निदान नकार देता आला. पक्षाघाताच्या अनेक रुग्णांना तेवढेही बोलता येत नाही. गिळताना श्वासनलिकेचे तोंड वेळेवर बंद झाले नाही, तर दूध-पाणी फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होऊ शकतो. काहींना तर साधा ठसकाही लागत नाही.

म्हणून आज प्रशिक्षित परिचारिका आधी रुग्ण पूर्ण जागा आहे का, ताठ बसू शकतो का, लाळ गिळतो का, हे पाहते. मगच चमचाभर पाणी देऊन लक्ष ठेवते. ठसका लागला, आवाज ओलसर-घोगरा झाला, धाप लागली किंवा पाणी ओठांतून ओघळले, तर तिथेच थांबायचे. पुढील तपासणी होईपर्यंत तोंडाने काहीच द्यायचे नाही, औषधाची गोळीसुद्धा नाही.

नातेवाइकांनी मायेने दिलेला चमचाभर चहाही अशा वेळी घातक ठरू शकतो. दूध कितीही शुद्ध असले, तरी ते योग्य वाटेने उतरेल याची खात्री आधी करावी लागते.