वावराचा धुरा आणि भाऊसाहेब : डॉ. पंजाबराव देशमुख



27 डिसेंबरला आपण शाळेत भाऊसाहेबांच्या फोटोला हार घालतो. मुलं छान भाषणं करतात. पण भाऊसाहेबांनी शेतकऱ्याच्या कर्जाचा प्रश्न इतका का धरला, हे सांगायचं राहून जातं. त्यासाठी थोडं मागं जाऊ या.

1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं. पुढे जमिनीची मोजणी झाली, वावरांना सर्व्हे नंबर पडले, धुरे पक्के झाले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (1861-65) कापसाला भाव आला, रेल्वे आली. मग गावाची ढोरं चरायची त्या जागेवरही पऱ्हाटी उभी राहिली. मेळघाटचं जंगल राखीव झालं. चारा घटला. जमीन मात्र आता विकता येत होती, गहाण टाकता येत होती. पीक बुडालं की सावकार, मग कोर्ट, आणि शेवटी वावरच जायचं. कालचा मालक त्याच वावरात मजूर!

अशा काळात, 1898 साली, अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे पंजाबरावांचा जन्म झाला. ते तान्हे असतानाच 1899-1900 चा भीषण दुष्काळ पडला. पुढे वडील शामरावांनी शेती गहाण ठेवून त्यांना विलायतेला पाठवलं. म्हणजे गहाणखत काय असतं, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन ते परतले. 1927 मध्ये अस्पृश्यांना अंबादेवी मंदिर खुलं व्हावं म्हणून ते लढले. 1930 मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले.

1933 चा कर्ज लवाद कायदा हे त्यांचं मोठं काम. सावकार आणि कुळ यांना मंडळासमोर बसवायचं, देणं किती हे तपासायचं, तडजोडीने रक्कम कमी करून हप्ते पाडायचे. त्यामुळे अनेकांची वावरं वाचली. पण कायदा वाचता न येणारा पुन्हा फसणार, म्हणून श्री शिवाजी शिक्षण संस्था आणि वसतिगृहं! पुढे ते देशाचे कृषिमंत्री झाले. 1955 मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापन केला. 10 एप्रिल 1965 रोजी ते गेले. अकोल्याचं कृषी विद्यापीठ आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं.

यंदा जयंतीला भाषणासोबत एक उपक्रम घ्या. मुलांना घरचा सातबारा वाचायला लावा. ज्यांच्या घरी सातबारा नाही, त्यांना गावाची ई-क्लास जमीन कुठे होती आणि आज तिथे काय आहे, हे आजी-आजोबांना विचारून यायला सांगा. दोन्ही वह्या वर्गात एकत्र वाचा. भाऊसाहेब कशासाठी झटले, ते मुलांना आपोआप कळेल.