तिसऱ्या क्रमांकाचा मानकरी : तेओफिलो इल्देफोन्सो

चरित्रे बहुधा पहिल्या आलेल्यांची लिहिली जातात. दुसरा निदान तळटीपेत तरी सापडतो. तिसऱ्याला तेवढीही जागा मिळत नाही. मी ज्याच्याविषयी येथे लिहिणार आहे, तो जलतरणपटू तीन ऑलिंपिक स्पर्धांत उतरला. पहिल्या दोन वेळी तो तिसरा आला, तिसऱ्या वेळी सातवा. सुवर्णपदक तर सोडाच, रौप्यही त्याच्या वाट्याला कधी आले नाही. तरीसुद्धा फिलिपाईन्सच्या क्रीडा-इतिहासाचे पहिले पान त्याच्याच नावाने सुरू होते. त्याचे नाव तेओफिलो इल्देफोन्सो.

विद्यार्थी मित्रहो, नाव स्पॅनिश वाटते ना? त्याचे कारण इतिहासात आहे. सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशावर तीन शतकांहून अधिक काळ स्पेनचे राज्य होते. १८९८ साली स्पेनने तो अमेरिकेच्या हवाली केला. फिलिपिनो जनतेने स्वातंत्र्याची घोषणा केली होती, अमेरिकेशी युद्धही केले. पण तोफांपुढे त्यांचे काही चालले नाही. अशा एका धन्याकडून दुसऱ्या धन्याकडे गेलेल्या देशात, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, लुझॉन बेटाच्या उत्तरेकडील इलोकोस नॉर्ते प्रांतातल्या पिद्दिग या गावी तेओफिलोचा जन्म झाला.

गावाजवळून गिसित नावाची नदी वाहते. त्याची पोहण्याची शाळा तीच. फरशी बसवलेला तलाव नाही, शिट्टी घेतलेला शिक्षक नाही. आपल्याकडे घटप्रभेच्या किंवा मलप्रभेच्या काठची पोरे भोपळा बांधून जशी पाण्यात पडतात आणि दोन पावसाळ्यांत मासोळीसारखी होतात, तसेच याचेही झाले असावे. पुढे लोक त्याला इलोकोसचा शार्क म्हणू लागले, ते उगीच नव्हे.

तरुणपणी तो फिलिपाईन स्काउट्स या पलटणीत शिपाई झाला. ही अमेरिकन सैन्याची पलटण. शिपाई फिलिपिनो, वरचे अधिकारी बहुतेक अमेरिकन. मराठा लाइट इन्फंट्रीचे ठाणे असलेल्या बेळगावच्या वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. इंग्रजी अमलात आपल्याकडेही हाच प्रकार होता. पण लष्करात एक सोय होती. खेळणाऱ्या शिपायाला सराव आणि स्पर्धा मिळत. १९१३ पासून मनिला, शांघाय, ओसाका, टोकियो अशा शहरांत आळीपाळीने फार ईस्टर्न चॅम्पियनशिप स्पर्धा भरत असत. त्यांत फिलिपाईन्स, जपान आणि चीन हे तीन मुख्य प्रतिस्पर्धी असत. याच स्पर्धांत तेओफिलोचे नाव झाले.

त्याचा प्रकार ब्रेस्टस्ट्रोक. पालथे होऊन, दोन्ही हात एकाच वेळी पुढे नेऊन बाहेर फाकवायचे आणि बेडकासारखे पाय मारायचे, ही पोहण्याची फार जुनी तऱ्हा. त्या काळी या प्रकारात बरेच जण शक्य तितके अंतर पाण्याखालून कापीत, कारण खाली लाटांचा अडथळा कमी असतो. तेओफिलो मात्र पाण्याच्या पृष्ठभागालगत पोहत असे. त्यामुळे त्याला आधुनिक ब्रेस्टस्ट्रोकचा जनक म्हणणारे जाणकार आहेत. जनकत्वाचा निवाडा मी करणार नाही. पण नदीत शिकलेल्या माणसाने जगाच्या तलावात स्वतःची रीत नेली, एवढे मात्र त्यावरून दिसते.

१९२८ साली ॲमस्टरडॅमला ऑलिंपिक भरले. आपल्याला ते वर्ष हॉकीमुळे ठाऊक आहे. ध्यानचंद यांच्या संघाने भारताला पहिले हॉकी-सुवर्ण तेथेच मिळवून दिले. त्याच स्पर्धेत २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये जपानचा योशियुकी त्सुरुता पहिला आला, जर्मनीचा एरिक राडेमाखर दुसरा आणि तेओफिलो तिसरा. फिलिपाईन्सचेच नव्हे, तर सबंध आग्नेय आशियाचे हे पहिले ऑलिंपिक पदक. भारत इंग्रजांचा ताबेदार, फिलिपाईन्स अमेरिकेचा. पण क्रीडांगणावर दोन्ही देशांची नावे स्वतंत्रपणे पुकारली गेली. ज्या देशाला जगाच्या दरबारात आपला वकील पाठवता येत नव्हता, त्याने आपला पोहणारा पाठवला होता. १९२० साली आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये धावले, त्यामागेही हाच अर्थ होता असे मला वाटते.

आता १९३२ या वर्षाकडे येऊ. ही स्पर्धा लॉस एंजेलिस येथे, म्हणजे राज्यकर्त्या अमेरिकेच्याच घरात भरली. जागतिक मंदीमुळे अनेक देशांना मोठी पथके पाठवणे परवडले नव्हते. फिलिपाईन्सचे पथकही लहानच होते. पण या मूठभर खेळाडूंनी तीन कांस्यपदके मिळवली. उंच उडीत सिमेओन तोरिबियो याने १.९७ मीटर उंची ओलांडली. गंमत अशी, की पहिल्या चौघांचीही उंची तीच. क्रम ठरवण्यासाठी पुन्हा उड्या घ्याव्या लागल्या आणि त्यात तो तिसरा ठरला. मुष्टियुद्धात बँटमवेट गटात होसे व्हिलानुएव्हा तिसरा आला. आणि २०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पुन्हा तिसरा, तेओफिलो इल्देफोन्सो. एका ऑलिंपिकमध्ये तीन पदके, ही त्या देशाची सर्वोत्तम कामगिरी पुढे सुमारे नव्वद वर्षे कोणाला मागे टाकता आली नाही. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये चार पदके आली, तेव्हा कोठे १९३२ चा उच्चांक मोडला.

येथे मला थोडा हिशेब मांडायचा आहे. १९२८ मध्ये तेओफिलोची वेळ होती २ मिनिटे ५६.४ सेकंद, त्सुरुताची २ मिनिटे ४८.८ सेकंद. दोघांत ७.६ सेकंदांचे अंतर. १९३२ मध्ये त्सुरुताने २ मिनिटे ४५.४ सेकंदांत पुन्हा सुवर्ण जिंकले, जपानचाच रेइझो कोइके दुसरा आला आणि तेओफिलो २ मिनिटे ४७.१ सेकंदांत तिसरा. पहिल्या व तिसऱ्यातले अंतर आता अवघे १.७ सेकंद उरले होते. चार वर्षांत, वयाची तिशी जवळ आलेली असताना, या शिपायाने आपली वेळ ९.३ सेकंदांनी खाली आणली. १९२८ चे सुवर्ण ज्या वेळेत मिळाले होते, तिच्याहूनही त्याची १९३२ ची वेळ सरस होती. तरी निकालपत्रात क्रमांक तोच : तिसरा. शिवाय त्या वर्षी समोर होते ते जपानी जलतरणपटू, ज्यांनी पुरुषांच्या सहांपैकी पाच शर्यती जिंकल्या. निकालपत्र कोण कोणाच्या मागे राहिला तेवढे सांगते. माणूस स्वतःच्या किती पुढे गेला हे त्यात लिहिलेले नसते. परीक्षेच्या गुणपत्रिका तपासणाऱ्या माझ्यासारख्या प्राध्यापकाने हा हिशेब नजरेआड करू नये, म्हणून तो येथे सविस्तर दिला.

१९३६ साली बर्लिनला तो तिसऱ्यांदा उतरला. तिशी ओलांडली होती. तरी अंतिम शर्यत गाठली आणि सातवा आला. येथे त्याची ऑलिंपिकमधली कारकीर्द संपली. शिपाईगिरी मात्र संपली नव्हती.

१९४१ च्या डिसेंबरात जपानी सैन्य फिलिपाईन्सवर उतरले. अमेरिकन आणि फिलिपिनो फौजा मागे सरत बातान द्वीपकल्पात गेल्या. अन्न अपुरे, मलेरियाचा सुकाळ, कुमक येण्याची आशा नाही. अशा स्थितीत तीन महिन्यांहून अधिक काळ त्यांनी झुंज दिली आणि ९ एप्रिल १९४२ रोजी शरणागती पत्करली. पाऊण लाखाच्या आसपास सैनिक कैद झाले. त्यांना रणरणत्या उन्हात, अन्नपाण्यावाचून सुमारे १०० किलोमीटर चालवत नेण्यात आले. मागे पडेल त्याला संगिनीने संपवण्यात आले. इतिहासात ही चाल बातानची मृत्युयात्रा म्हणून ओळखली जाते. जे वाचले त्यांना मालगाडीच्या बंद डब्यांत कोंबून कापास गावी नेले आणि ओ'डोनेल छावणीत ठेवले. तेथे रोगराईने आणि उपासमारीने हजारो फिलिपिनो कैदी काही महिन्यांतच मेले. तेओफिलो इल्देफोन्सो त्यांपैकी एक. वयाची चाळिशीही पुरी झाली नव्हती.

बर्लिनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीत कांस्यपदक मिळवणारा मिगेल व्हाइट हाही त्याच युद्धात, त्याच वर्षी मारला गेला. १९४६ मध्ये फिलिपाईन्स स्वतंत्र झाला, तो दिवस या दोघांनीही पाहिला नाही.

या जीवनाचा एक धागा मला अस्वस्थ करतो. तेओफिलोचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी जपानी होता, आणि त्याचा अंत जपानी छावणीत झाला. ज्या देशाच्या तरुणांशी तो शेजारच्या पट्ट्यात दोनशे मीटर झुंजला, त्याच देशाच्या सैन्याने त्याला मारले. खेळाने राष्ट्रे जवळ येतात असे आपण वक्तृत्वस्पर्धेत हिरिरीने सांगतो. या माणसाकडे पाहिले की वाटते, खेळ युद्ध थांबवू शकत नाही. त्याच्याने एवढेच होते, की दोन देशांची माणसे एकाच नियमाखाली, एकाच इशाऱ्याला, सारखे अंतर पोहू शकतात. ते थोडे आहे. पण युद्धात तेवढेही नसते.

फिलिपाईन्ससाठी दोन ऑलिंपिक पदके मिळवणारा तो बराच काळ एकमेव खेळाडू राहिला. २०१६ मध्ये रौप्य आणि टोकियोत देशाचे पहिले सुवर्ण मिळवून वेटलिफ्टर हिदिलिन दियाझ त्याच्या पंक्तीला येऊन बसली. जलतरणातली त्याची दोन पदके आजही त्या देशाची एकमेव पदके आहेत. २०१० साली आंतरराष्ट्रीय जलतरण सन्मान-दालनात त्याला स्थान मिळाले, तेव्हा त्याच्या मृत्यूला अडुसष्ट वर्षे होऊन गेली होती.

आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडामहोत्सवात तिसऱ्या क्रमांकाचे प्रशस्तिपत्र घ्यायला मुले संकोचत व्यासपीठावर येतात, टाळ्याही बेताच्याच पडतात. पुढच्या वर्षी त्या मुलाची गेल्या वर्षीची वेळ किती होती आणि यंदाची किती आहे, एवढे कोणी विचारले, तरी तेओफिलोची ओळख करून घेतल्याचे सार्थक झाले असे मी म्हणेन.