बाईंची विद्यार्थिनी

शिक्षकाचे मोठेपण कशात मोजायचे? शाळांच्या संख्येत, की अंगावर पडलेल्या शालींत? मला वाटते, त्याच्या विद्यार्थ्याने पुढे काय विचारले यात. सावित्रीबाई फुले यांचे आयुष्य या मापाने पाहण्यासारखे आहे.

३ जानेवारी १८३१ रोजी नायगावच्या नेवसे पाटलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी लग्न झाले. अक्षरओळख सासरी, नवऱ्याकडून झाली. पुढे अध्यापनाचे शिक्षणही घेतले. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा बाई अवघ्या सतरा वर्षांच्या होत्या. आपले जिंतूर त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि पुढची शंभर वर्षे तसेच राहिले.

शाळेला जाताना अंगावर शेण-माती येई, म्हणून बाई एक जादा लुगडे जवळ ठेवीत, असे सांगतात. १८४९ मध्ये याच कामापायी सासऱ्यांचे घर सोडावे लागले. बाईंनी घर सोडले, शाळा सोडली नाही.

फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये, चौदाव्या वर्षी तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वेद जर ब्राह्मणांचेच, तर आमचा धर्म कोणता, असा त्या निबंधाचा रोख होता. बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसलेल्या बायांचे हाल तिने त्यात मांडले आणि आपल्या लोकांना शिकायला सांगितले. हा पाठ केलेला धडा नव्हता. बाईंनी अक्षरे दिली; प्रश्न मुलीचा स्वतःचा होता.

जिंतूरला बँकेत असताना मी याचे छोटे रूप पाहिले. स्लिपवर अंगठा उठवणाऱ्या आईशेजारी शाळकरी लेक उभी असे. रक्कम अक्षरी तीच लिही, नोटाही तीच मोजून घेई. एकीने एकदा पासबुक पुढे करून विचारले, सहा महिन्यांचे व्याज कोणत्या रकमेवर धरले? त्या काळी महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरत. मी समजावले, तेव्हा पुढच्या वेळी पैसे दहा तारखेच्या आत भरायचे, हे तिने आईला तिथेच सांगितले.

साता समुद्रापलीकडेही हेच घडत होते. अमेरिकेत गुलामगिरी संपवणाऱ्यांना जोतीरावांनी १८७३ मध्ये आपले ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अर्पण केले. त्याच देशात, गुलामीतून सुटलेल्या आईबापांची लेक मेरी मॅक्लिऑड बेथ्यून हिने १९०४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना इथे पाच कृष्णवर्णीय मुलींची शाळा काढली. पुढे तिचे महाविद्यालय झाले. दोघींनी एकमेकींचे नावही ऐकले नसेल. काम मात्र एकाच जातीचे.

१८९० मध्ये जोतीराव गेले. बाई थांबल्या नाहीत. सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी पुढे चालवले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग पसरला. दत्तक मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याच्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करीत. महारवाड्यातल्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी तिथे आणले, असे चरित्रकार सांगतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. तोवर मुक्ताच्या निबंधाला बेचाळीस वर्षे झाली होती. तिने विचारलेला प्रश्न मात्र अजून उत्तराची वाट पाहत होता.