सरफोजी महाराजांचा संगीतदरबार

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज यांचे नाव घेताच सरस्वती महाल ग्रंथालयाचे स्मरण होते आणि ते योग्यच आहे. तथापि या विद्याव्यासंगी राजाच्या संगीतप्रेमाचा परिचय आपल्या मराठी बांधवांस तितकासा नसतो. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी त्याचे अल्पसे दर्शन घडवावे, असा आमचा मानस आहे.

महाराजांचा जन्म १७७७ सालचा. १७८७ साली तुळजाजी महाराजांनी त्यांस दत्तक घेतले. परंतु त्याच वर्षी तुळजाजी निवर्तले आणि गादी अमरसिंहांकडे गेली. पोरक्या झालेल्या या बालकाचा सांभाळ श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाने केला. पुढे मद्रासेत त्यांचे शिक्षण झाले. १७९८ साली गादी मिळाली खरी, पण दुसऱ्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. महाराजांकडे उरला तो तंजावरचा किल्ला, वार्षिक एक लक्ष होनांची नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा.

तलवार म्यान झालेल्या या राजाने मग ग्रंथ, वैद्यक आणि संगीत यांची कास धरली. युरोपीय वाद्ये व स्वरलिपीची पुस्तके जमवून त्यांनी विलायती पद्धतीचा वाद्यवृंद पदरी ठेवला. आपल्या संगीतात एकाच स्वरधारेचा विस्तार होतो. त्या वाद्यवृंदात प्रत्येक वादकापुढे निराळा लिहिलेला भाग असतो आणि अनेक स्वर एकाच वेळी मिळून उमटतात. ही नवी रीत महाराजांनी जिज्ञासेने समजून घेतली.

मात्र परक्या विद्येच्या ओढीने घरची विद्या त्यांनी दूर लोटली नाही. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु या चार बंधूंना तंजावर दरबाराचा आश्रय लाभला. आजच्या भरतनाट्यमची मांडणी बव्हंशी त्यांचीच. यांपैकी वडिवेलु हे व्हायोलिन कर्नाटक संगीतात रुळविणाऱ्यांपैकी एक होत. परदेशी वाद्य येथे देशी रागांच्या सेवेस लागले, हे विशेष. महाराजांच्या नावे असलेली मराठी निरूपणेही याच दरबारची. एका कथासूत्रात, एकाच रागतालात गुंफलेल्या त्या रचना नृत्यासह गाइल्या जात. अशा रीतीने कावेरीकाठच्या नृत्याने मराठी शब्द आपलासा केला.

१८३२ साली महाराज निवर्तले. त्यांचे पुत्र शिवाजी महाराज १८५५ साली वारले आणि औरस पुत्राअभावी कंपनीने संस्थान खालसा केले. राज्य गेले, पण मराठी हस्तलिखिते, स्वरलिपीचे ग्रंथ आणि गीते आजही सरस्वती महालात सुरक्षित आहेत.

स्वभूमीपासून दूर राहणाऱ्या आपणां मराठी जनांस या चरित्रापासून घेण्याजोगे पुष्कळ आहे. शेजाऱ्यांच्या सुरांस दार उघडल्याने महाराजांची मराठी उणावली नाही. मात्र ती टिकली, कारण ते तीत लिहीत राहिले, गाववीत राहिले. आपल्या मुलांकडून आपण काय गाववून घेतो, याचा विचार मंडळाने या वर्षी अवश्य करावा, एवढीच आमची विनंती.